काचबिंदूचा थेंब : न दिसणाऱ्या झिजेची राखण

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचवटीत राहणारे एक निवृत्त शिक्षक धाप लागते म्हणून माझ्याकडे आले. वय बहात्तर. वर्षानुवर्षे रोज पहाटे गोदाकाठाने फिरणारा हा मनुष्य. पण आता रामकुंडाच्या पायऱ्या चढतानाही मध्येच थांबावे लागते, असे सांगू लागला. तरुणपणी त्यांना दम्याचा थोडा त्रास होता, परंतु तो मागे पडून कित्येक वर्षे लोटली होती. छाती तपासली तर बारीक शिट्टीसारखा आवाज. नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीस. मी ईसीजी काढला, रक्त तपासले, श्वासाचा पंप लिहून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. पंपाची मात्रा वाढवली. महिना उलटला, तरी उतार पडेना. "गुरुजी, आणखी कोणकोणती औषधे चालू आहेत?" असे मी प्रत्येक भेटीत विचारले आणि प्रत्येक भेटीत त्यांनी रक्तदाबाची एक गोळी तेवढी दाखवली.

उलगडा झाला तो त्यांच्या सूनबाईंमुळे. एका संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. त्या आत डोकावून म्हणाल्या, "डॉक्टर, जरा लवकर बघता का? अप्पांच्या थेंबांची वेळ होत आली."

कसले थेंब? तर काचबिंदूचे. टिमोलॉल, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत, गेले चार महिने. "अहो, ते डोळ्यांचं आहे," गुरुजी म्हणाले. "औषध म्हणजे पोटात जातं ते." नेत्रतज्ज्ञांनी त्यांना दम्याविषयी विचारले होते, 'आता नाही' हे त्यांचे उत्तरही त्यांच्या परीने खरेच होते. चूक माझी होती. मी औषधांविषयी विचारले, थेंबांविषयी विचारले नाही.

त्याच रात्री मी नेत्रतज्ज्ञांशी फोनवर बोललो. त्यांनी टिमोलॉल थांबवून दुसऱ्या गटातला थेंब सुरू केला. तीन आठवड्यांत गुरुजींची नाडी अडुसष्टवर आली आणि पुढे पंपही सुटला. यातली एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. तो थेंब मी माझ्या अधिकारात बंद केला नाही. ज्यांनी तो सुरू केला होता त्यांच्याकडून तो बदलून घेतला. काचबिंदूच्या रुग्णाचा थेंब बंद पडणे आणि थेंब बदलणे यांत दृष्टी जाणे आणि दृष्टी राहणे एवढे अंतर असू शकते.

दोन बिंदू, दोन वेगळे आजार

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळ्या भावांसारखी वाटतात आणि त्यामुळे घरोघरी मोठा घोटाळा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. शस्त्रक्रिया करून नवे भिंग बसवले की बहुधा पूर्ववत दिसू लागते. काचबिंदूत भिंगाचा दोष नसतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस त्यात झिजते. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात आणि त्यांतला जो तंतू मेला तो पुन्हा उगवत नाही. "मागच्या वर्षी डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आता थेंब कशाला?" असे म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काचबिंदूचे थेंब परस्पर सोडणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. शस्त्रक्रियेनंतरचे थेंब काही आठवड्यांचे असतात, काचबिंदूचे थेंब मात्र बहुधा जन्माचे सोबती असतात. दोन्ही बाटल्या एकाच डब्यात असल्या, तरी त्यांचे काम निराळे आहे.

ही नस झिजते कशी? डोळ्याच्या आत पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. हे अश्रू नव्हेत. हे आतले पाणी आहे आणि भिंगाला व बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला तेच पोसते. जितके तयार होते तितके ते एका सूक्ष्म जाळीतून बाहेर झिरपते. मोरीच्या जाळीत कचरा अडकला की पाणी तुंबते, तसे येथेही होते. निचरा मंदावला की डोळ्यातला दाब वाढतो आणि तो दाब मागच्या नसेवर पडतो. हा दाब साधारणपणे १० ते २१ या अंकांच्या दरम्यान असतो. मात्र काहींची नस मुळातच नाजूक असते व तथाकथित सामान्य दाबातही झिजते. म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही. नस पाहणे आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करणेही आवश्यक असते.

या झिजेत बहुधा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचे अक्षरही नीट दिसते. आधी जाते ती कडेची नजर. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली मेंदू भरतो. घरच्यांना मात्र काही खुणा दिसू शकतात. आजोबांचा खांदा वारंवार दाराच्या चौकटीला लागतो, शेवटची पायरी चुकते, ताटाच्या कडेची वाटी त्यांना दिसत नाही, रस्ता ओलांडताना बाजूने आलेली दुचाकी अंगावर येईपर्यंत कळत नाही. आपल्या देशात चेन्नई, मदुराईचा परिसर आणि आंध्र प्रदेश येथे लोकवस्तीत जाऊन जी सर्वेक्षणे झाली, त्यांत काचबिंदू आढळलेल्या दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. ज्यांचे निदान झाले आहे आणि ज्यांच्या हाती थेंबाची बाटली आहे, ते या अर्थाने भाग्यवान म्हणावे लागतील.

थेंब काय करतो, काय करत नाही

थेंब गेलेली नजर परत आणत नाही. तो उरलेली नजर राखतो. सारे औषधशास्त्र या एका वाक्यात आहे आणि रुग्णाची सारी निराशाही.

निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार दीड वर्ष थेंब घालून कंटाळले. "फरक काहीच पडत नाही," म्हणून त्यांनी ते सोडले. दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढायला गेले, तेव्हा उजव्या डोळ्याचे बरेचसे दृष्टिक्षेत्र गेल्याचे कळले. माझ्याकडे आले तेव्हा अगदी खचले होते. मी त्यांना एवढेच विचारले, "बागेत केवडा दिसल्यावर फवारणी करता, की दिसायच्या आधी?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिसल्यावर फवारून काय उपयोग, डॉक्टर? घड गेलेलाच असतो." त्या दिवसापासून त्यांचा थेंब चुकलेला नाही. उजव्या डोळ्यातले गेले ते गेले; डाव्या डोळ्याने ते आजही बाग बघतात.

'फरक पडत नाही' हेच थेंबाचे यश आहे. अमेरिकेत १,६३६ लोकांचा एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांचा डोळ्यातला दाब वाढलेला होता, पण नसेला अद्याप इजा झालेली नव्हती. पाच वर्षांत, थेंब न घेणाऱ्या गटात दर शंभरांपैकी सुमारे साडेनऊ जणांना काचबिंदू झाला. थेंब घेणाऱ्या गटात ते प्रमाण सुमारे साडेचार, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. स्वीडनमधील दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की दाब एका अंकाने उतरला तरी आजार वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. रोजच्या एका थेंबाची ही कमाई आहे.

थेंबांची कुळे आणि त्यांचे स्वभाव

दाब उतरवण्याचे मार्ग दोनच : पाणी कमी तयार करणे, किंवा निचरा वाढवणे. आपल्या बाटलीवरचे औषधाचे नाव वाचून आपला थेंब कोणत्या कुळातला हे जाणून घ्यावे.

टिमोलॉल १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि स्वस्तही आहे. तो पाणी कमी तयार करतो. मात्र दमा, फुप्फुसांचा जुनाट विकार, मंद नाडी किंवा हृदयातील विद्युतवहनाचा अडथळा असणाऱ्यांना तो धोक्याचा ठरतो. मधुमेहींमध्ये साखर एकदम उतरल्याची धडधड व थरथर तो झाकून टाकू शकतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल, तर नाडी अधिकच मंदावू शकते.

लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट हे बहुधा रात्री एकदाच घालायचे थेंब. ते निचरा वाढवतात आणि दाब साधारण पाव ते एक तृतीयांशाने उतरवतात. छाती व हृदय यांना ते बहुतेकांच्या बाबतीत त्रास देत नाहीत. डोळ्याला लाली येणे, पापण्यांचे केस लांब व दाट होणे, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडणे हे त्यांचे परिणाम. 'रात्रीचा एक थेंब चांगला, मग सकाळीही घालू' असा हिशेब येथे उलटा पडतो. अधिक वेळा घातल्यास त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो.

ब्रिमोनिडीनमुळे तोंडाला कोरड पडते, झापड येते आणि काहींना काही महिन्यांनी डोळ्याला ॲलर्जी येऊन लाली व खाज सुटते. तान्ह्या बाळाच्या पोटात किंवा डोळ्यात हा थेंब गेला, तर त्याला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. घरात नातवंडे असतील तर ही बाटली त्यांच्या हाताबाहेर ठेवावी. डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड यांनी तोंड कडवट होते. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ती आधी सांगावी. ब्रिन्झोलामाइड दुधाळ असते, म्हणून घालण्यापूर्वी बाटली हलवावी लागते. दोन औषधे एकत्र असलेल्या बाटल्याही मिळतात. अशा बाटलीत टिमोलॉल दडलेले असण्याची शक्यता मोठी, म्हणून दोन्ही नावे वाचावीत.

डोळ्यातला थेंब छातीपर्यंत पोचतो कसा? डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारी नळी असते. जादा औषध त्या नळीवाटे नाकात उतरते आणि तेथील नाजूक त्वचेतून थेट रक्तात मिसळते. गोळी आधी यकृतातून जाते, थेंबाला तो नाकाही लागत नाही.

थेंब घालण्याची रीत

मी माझ्या ज्येष्ठ रुग्णांना समोर बसवून थेंब घालायला सांगतो. वर्षानुवर्षे थेंब घालणाऱ्यांचाही थेंब अनेकदा गालावर पडतो. म्हणून ही रीत शांतपणे वाचावी.

१. हात धुवा. बसून मान मागे टेका किंवा सरळ पलंगावर आडवे व्हा. हात थरथरत असेल तर आडवे होणेच उत्तम.

२. एका बोटाने खालची पापणी हलकेच ओढा. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये छोटासा खिसा तयार होतो.

३. नजर वर छताकडे ठेवा. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला वा बोटाला न लावता खिशात एकच थेंब सोडा. थेंबाचा आकार डोळ्यात मावणाऱ्या जागेहून मुळातच थोडा मोठा असतो. दुसरा थेंब बाहेर वाहून जातो किंवा नाकात उतरतो.

४. डोळा हळूच मिटा. उघडझाप करू नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने हलका दाब देऊन दोन मिनिटे तसेच राहा. एवढ्याने रक्तात जाणारे औषध निम्म्याहून कमी होते आणि डोळ्यात अधिक टिकते.

५. गालावर आलेले औषध स्वच्छ कापडाने टिपा. कातडी काळवंडणे त्याने कमी होते.

६. दुसऱ्या बाटलीतला थेंब किमान पाच, शक्य तर दहा मिनिटांनी घाला. लगोलग घातल्यास दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

थेंब विसरला तर आठवताच घाला. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दोन थेंब घालू नका.

थेंब कुठे सुटतो

लग्नकार्यात, तीर्थयात्रेत, मुलाकडे पुण्याला गेल्यावर आणि बाटली महिनाअखेरीस संपल्यावर. काही जण उपवासाच्या दिवशी थेंब चालेल का, असे विचारतात. थेंब हा आहार नव्हे, तो खुशाल घालावा. प्रवासात एक जादा बाटली जवळ ठेवावी. खर्चाचा भार होत असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. जनऔषधी केंद्रांत यांतले काही थेंब बरेच स्वस्त मिळतात आणि दोनऐवजी एकत्रित बाटलीही कधी कधी चालते. खर्चापायी मुकाट्याने एक दिवसाआड थेंब घालणे ही मात्र फार महाग पडणारी बचत आहे.

आणखी एक मोह फार जणांना होतो. महिनाभर थेंब टाळायचे आणि तपासणीच्या आदल्या दोन दिवशी नेमाने घालायचे. तपासणीत दाब छान येतो, पण नस झिजतच असते. मग नेत्रतज्ज्ञांना वाटते की हे औषध पुरेसे नाही, आणि ते औषध वाढवतात किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतात. डॉक्टरांपुढे परीक्षा देऊ नका. "आठवड्यातून दोन वेळा चुकतो" असे खरे सांगणारा रुग्ण आम्हाला अधिक आवडतो, कारण त्याला मदत करता येते. थेंब सोसत नसतील किंवा जमत नसतील, तर लेसर आणि शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. काही रुग्णांत तर सुरुवातच लेसरने करणे हाही मान्य पर्याय आहे. मात्र लेसरनेही गेलेली नजर परत येत नाही आणि नियमित तपासणी सुटत नाही.

घरच्यांसाठी चार गोष्टी

थेंबाची वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका : देवापुढे दिवा लावल्यावर, किंवा रात्री झोपण्यापूर्वी दात घासून झाल्यावर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. सांधेदुखीने बाटली दाबता येत नसेल, तर सून, मुलगा, नात कोणीही थेंब घालू द्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा आणि बहुतेक बाटल्या महिन्याने टाकून द्या. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. नाशिकचा एप्रिल-मे आता चाळिशी गाठतो. अशा दिवसांत बाटली गाडीत किंवा खिडकीशी राहू देऊ नका. कानाचे थेंब, चामखिळीचे औषध आणि चिकटवण्याचा द्रव यांच्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात. त्या डोळ्यांच्या थेंबांशेजारी कदापि ठेवू नका.

डोळे लाल झाले म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असले तर लाली उतरते, पण आतला दाब वाढू शकतो. मध, एरंडेल, गुलाबपाणी डोळ्यात घालून काचबिंदू बरा होत नाही. चालणे अवश्य करा. शीर्षासन आणि खाली डोके करण्याची आसने मात्र टाळा, कारण त्या स्थितीत डोळ्यातला दाब खूप वाढतो. पहाटे उठून एका दमात तांब्याभर पाणी पिण्याची सवय असेल, तर तेच पाणी थोडे थोडे करून प्या. एकदम लिटरभर पाण्याने काचबिंदूच्या रुग्णाचा दाब काही काळ चढतो.

काचबिंदू घराण्यात चालत येऊ शकतो. रुग्णाच्या भावंडांनी आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलामुलींनी डोळे तपासून घ्यावेत. आणि एकाएकी डोळा ठणकू लागला, लाल झाला, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वर्तुळे दिसू लागली, डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर ते पित्त समजून घरी थांबू नका. हा अचानक दाब चढण्याचा प्रकार असू शकतो. काही तासांच्या विलंबानेही नजर कायमची जाऊ शकते. त्याच वेळी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आजच करण्याजोगे एक काम

हा अंक खाली ठेवला की घरातली सारी औषधे एका पिशवीत भरा. गोळ्या, पंप, इन्सुलिन, मलम, आयुर्वेदिक काढे आणि डोळ्यांचे थेंब, सगळे. ती पिशवी पुढच्या भेटीत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवा, आणि तीच नेत्रतज्ज्ञांनाही दाखवा. दोघांनाही विचारा : माझ्या छातीला, हृदयाला, साखरेला हा थेंब मानवतो का? माझा दाब किती असायला हवा? पुढची दृष्टिक्षेत्राची तपासणी कधी?

गुरुजींच्या प्रसंगानंतर मी माझ्या केसपेपरवर 'औषधे' या शब्दाखाली एक नवी ओळ छापून घेतली : 'डोळ्यांत काही घालता का?' आता प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला मी हा प्रश्न विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर तुम्ही आपण होऊन उत्तर द्या. गुरुजी आजही पहाटे गोदाकाठाने फिरतात आणि रात्री झोपण्यापूर्वी एक थेंब घालतात. "काही फरक जाणवतो का?" असे मी मुद्दाम विचारतो. "काहीच नाही," असे ते हसून सांगतात, आणि आम्ही दोघेही समाधान पावतो.